कापड पुरवणारा बेत

मित्रांनो, मला हातात धरता येत नाही, कपाटात ठेवता येत नाही आणि माझ्यावर धूळही बसत नाही. तरीही मी जुना झालो आहे. मी एक छोटासा प्रोग्राम आहे आणि माझे नाव आहे 'बेत'. शिंपी कापडाला कात्री लावण्याआधी पाठीचा, पुढचा, बाह्यांचा, कॉलरचा असे कागदी तुकडे कापडावर मांडून पाहतात. त्याला कापड बेतणे म्हणतात. ते काम मी करतो. कापड किती लांब आहे आणि त्याचा पन्हा, म्हणजे रुंदी, किती आहे, एवढे सांगून मला तुकडे दाखवायचे. ते सगळे कमीत कमी कापडात कसे बसतील, ते मी पडद्यावर मांडून दाखवतो. बाकी मला काही येत नाही. गाणे म्हणता येत नाही, हवामान सांगता येत नाही. पण या एका कामात मी बऱ्यापैकी हुशार आहे असे लोक म्हणतात आणि मी नाही म्हणत नाही.

माझा जन्म शिवणाच्या दुकानात झाला. दुकान आत्याचे. मला घडवले तिच्या भाचीने. भाची आठवडाभर जमीनमोजणीच्या कार्यालयात बसून जमिनीच्या तुकड्यांचे नकाशे काढायची आणि रविवारी आत्याकडे यायची. येताना सांगायची, "मदतीला आले." आत्या तिला बटणे लावायला द्यायची आणि ती गेली की ती सगळी बटणे उसवून पुन्हा लावायची. हे दोघींनाही ठाऊक होते, पण कोणी बोलून दाखवत नसे.

अशाच एका रविवारी एक आजोबा कोटाचे कापड घेऊन आले. ते त्यांच्या थोरल्या भावाने कधीकाळी घेऊन ठेवलेले होते. भाऊ आता राहिला नव्हता आणि तसे कापड कुठे मिळतही नव्हते. आत्याने टेप लावली. दोन मीटर दहा सेंटीमीटर. कोटाला लागते अडीच.

"होईल ना?" आजोबांनी विचारले.

"बघते," आत्या म्हणाली. आत्या 'बघते' म्हणाली की अवघड आहे असे समजायचे, हे भाचीला माहीत होते.

सकाळभर आत्या टेबलाभोवती फिरत राहिली. बाही आडवी लावली, उभी लावली, पाठीला मध्ये घेतले, परत काढले. चहा गार झाला, त्यावर साय धरली, शेवटी तो माशीने घेतला. दुपार कलताना आत्याने कॉलरच्या खालच्या बाजूला, कोणाला दिसणार नाही अशा ठिकाणी जोड दिला आणि कोट बसवला. पण तो जोड तिच्या मनातून गेला नाही. एक हुशार शिंपीण जोड द्यावा लागला की कशी दिसते, ते तुम्ही आत्याकडे पाहून शिकावे.

भाची हे सारे बघत होती. घरी जाताना तिच्या डोक्यात आले, हे तर आपलेच काम आहे. वेडेवाकडे तुकडे, ठरलेली जागा, आणि कुठे काय बसेल ते शोधायचे. कार्यालयात आपण जमिनीचे करतो, आत्या कापडाचे करते. पुढच्या रविवारी ती लॅपटॉप घेऊन दुकानात आली. त्या दिवसापासून आत्याला बटणे उसवावी लागली नाहीत.

सात रविवार लागले मला उभे राहायला. मी पहिल्यांदा तुकडे मांडले तेव्हा कॉलर कापडाच्या बाहेर ठेवली होती. आत्या पडद्यावर वाकून म्हणाली, "छान. कॉलर टेबलाच्या लाकडाची शिवू का?" दुसऱ्यांदा मी दोन्ही बाह्या एकावर एक ठेवल्या. "या माणसाला एकच हात दिसतोय," आत्या म्हणाली. भाची हसायची आणि दुरुस्त करायची. माझी प्रत्येक ओळ लिहिताना तिला एक सवय होती. आपण काय करतोय ते बाजूला साध्या भाषेत लिहून ठेवायचे. 'आत्या, इथे मी बाही थोडी थोडी फिरवून बघते.' 'आत्या, इथे उरलेली जागा मोजते.' आत्याला कोड वाचता येत नव्हता, पण समोर बसलेल्या आत्याला समजले पाहिजे, असे भाचीला वाटत असे.

सातव्या रविवारी तिने आजोबांच्या कोटाचेच तुकडे मला दिले. दोन मीटर दहा. मी फिरवले, सरकवले, आणि दोन मिनिटांत सगळे बसवून दाखवले, कॉलरसुद्धा आणि तीही जोड न देता.

आत्याने पडद्यावरचे तुकडे बोटाने एकेक करून मोजले. मग "हं" म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "मला शिकवणारा आला म्हणायचा." आणि तिने स्वतः उठून भाचीसाठी चहा टाकला. मित्रांनो, माझे पहिले कौतुक ते. त्यानंतर बरीच कौतुके झाली, पण तो चहा मला अजून मोठा वाटतो.

एवढे होऊनही पुढचे वर्षभर मी एका फोल्डरमध्ये पडून होतो. त्या फोल्डरचे नाव होते 'नंतर बघू'. तिथे माझ्यासारखे बरेच जण होते. कुंड्यांना पाणी घालायची आठवण करणारा एक अर्धा प्रोग्राम होता, वहीवर नक्षी काढणारा एक होता, आणि एकाला तर आपण कशासाठी आहोत हेच आठवत नव्हते. भाची सगळे हौसेने करायची आणि कोणाला दाखवायची वेळ आली की झाकून ठेवायची.

आत्याने मात्र मला लपवले नाही. पलीकडच्या गल्लीतल्या शिंप्याला तिने मला दाखवले आणि तोही मला मागू लागला. "इंटरनेटवर ठेव ना," आत्या म्हणाली. "तो घेईल, आणखी कोणी घेईल."

"नको गं आत्या," भाची म्हणाली. "वरून बरा दिसतो, पण आतून फार गबाळा आहे. तिकडे लोक उघडून आतलं बघतात. हसतील मला."

आत्याने खुंटीवरचा एक तयार कोट काढला आणि भाचीच्या मांडीवर उलटा टाकला. "हे बघ माझं आतलं. इथे गाठ आहे. इथे दोनदा उसवलंय. हा धागा संपला म्हणून दुसरा घेतला, रंग थोडा वेगळा आहे. हा कोट उद्या माणूस रस्त्यातून घालून फिरणार. उसवला तर चारचौघांत उसवेल. मग तो परत येईल आणि मी टाका घालीन. म्हणून काय मी शिवलेलं घडी करून ठेवू? घडीतलं उसवत नाही गं, त्याला कसर लागते."

त्याच दुपारी भाचीने मला इंटरनेटवर ठेवले. फुकट, कोणीही घ्या, कोणीही उघडून बघा. खाली दोन ओळी लिहिल्या, 'हे मी आत्यासाठी केलं. तुमच्या उपयोगी पडलं तर सांगा.'

दोन आठवडे कोणी आले नाही. किती जणांनी पाहिले त्याचा आकडा होता तीन. त्यातले दोनदा भाचीनेच पाहिले होते आणि एकदा आत्याने, चष्मा शोधून.

तिसऱ्या आठवड्यात पहिला निरोप आला. लिहिणारा दूरच्या एका नाट्यगृहासाठी कपडे शिवायचा. त्याने लिहिले होते, 'तुमच्या बेतावर विश्वास ठेवून राजाचा झगा कापला. आता माझा राजा अर्धा उजेडात आणि अर्धा सावलीत उभा आहे. हे कापड पुन्हा मिळत नाही. नऊ दिवसांवर प्रयोग आहे. असल्या गोष्टी लोकांसमोर ठेवण्याआधी जरा विचार करत जा.' सोबत फोटो होता. लाल मखमलीचा झगा, पण एक बाजू लाल आणि दुसरी जवळजवळ काळी.

भाचीने तो निरोप कार्यालयात, जेवणाच्या सुट्टीत वाचला. तिचा घास हातातच राहिला. कापड एकच, मापे बरोबर, तुकडे बरोबर, मग हे झाले कसे, तिला काही कळेना. तिने माझे पान उघडले आणि 'काढून टाका' या बटणावर बोट ठेवले. माझा सगळा जीव तेव्हा एका बोटाखाली होता. पण बोट दाबण्याआधी तिने आत्याला फोन केला.

"काढूनच टाकते मी त्याला," ती म्हणाली. आवाज रडवेला झाला होता.

"फोटो पाठव आधी," आत्या म्हणाली. फोटो पाहून ती फोनवर चक्क हसली. "अगं, ही मखमल! मखमलीला लव असते. वरून खाली हात फिरवला तर मऊ, उलटा फिरवला तर खरखरीत. सगळे तुकडे एकाच दिशेने कापावे लागतात, नाहीतर उजेड पडला की एक उजळ आणि एक गडद दिसतो. तुझ्या बेताने जागा वाचवायला अर्धे तुकडे उलटे टाकले असणार."

"तू मला हे कधी सांगितलंच नाहीस!"

"तू मखमलीचं विचारलंस कधी? माझ्याकडे वर्षात एक मखमल येते, ती माझे हातच बघून घेतात. मला वाटलं, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं." मग आत्याचा आवाज बदलला. "हे बघ, त्या माणसाचा राजा उघड्यावर उभा आहे. तू कुठे पळतेस? लाव त्याला फोन."

संध्याकाळी तिघांचा व्हिडिओ कॉल झाला. नाट्यगृहाचे ते कपडेवाले काका तोंडात टाचण्या धरून बसले होते, त्यामुळे त्यांना धड रागावताही येत नव्हते. भाचीने आधी सांगून टाकले, "चूक माझी आहे. माझ्या प्रोग्रामला मखमल माहीत नव्हती, कारण मलाच माहीत नव्हती." काकांनी टाचण्या काढल्या. बहुधा त्यांनी भांडणाची तयारी केली होती आणि आता त्या तयारीचे काय करायचे हे त्यांना सुचेना.

आत्याने त्यांना झगा टांगायला सांगितला, दिवा डावीकडून उजवीकडे न्यायला सांगितला. नीट बघून म्हणाली, "दादा, उसवा सगळं. उभे पट्टे कापा. एक उजळ, एक गडद, एक उजळ, एक गडद. मुद्दाम केल्यासारखं दिसेल. राजा चालला की झग्यावर लाट फिरेल."

"बाई, नऊ दिवसांत?"

"मी हिशोब केलाय. आठ दिवस लागतील. नवव्या दिवशी तुम्ही झोपा."

पट्टे किती रुंद घेतले म्हणजे शिवणीत गेलेले कापड धरूनही झगा पुरेल, ते मी मांडून दिले. या वेळी भाचीने मला आधी शिकवले. तिने माझ्यात एक प्रश्न घातला, जसाच्या तसा आत्याच्या शब्दांत. 'कापडावरून हात फिरवून बघा. एका बाजूने मऊ आणि उलट्या बाजूने खरखरीत लागतं का?' 'हो' म्हटले की मी एकही तुकडा उलटा टाकत नाही.

मग तिने आणखी एक गोष्ट केली. माझ्या पानावर सगळ्यांना दिसेल असे लिहिले, माझ्याकडून काय चुकले, कोणाचा झगा बिघडला, तो आता कसा सावरतोय. लिहिताना तिचे कान लाल झाले होते, पण तिने लिहिले.

दहाव्या दिवशी काकांचा फोटो आला. रंगमंचावर राजा वळताना टिपला होता आणि त्याच्या पाठीवर लाल-काळ्या लाटा होत्या. खाली एकच ओळ, 'सगळे विचारतात हे सुचलं कोणाला. मी म्हणतो, मलाच.' आत्याने तो फोटो मोठा छापून घेऊन दुकानात लावला आणि येणाऱ्या प्रत्येकाला ती खरे काय ते सांगू लागली.

आणि मित्रांनो, गंमत अशी की लोक माझ्यासाठी आले नाहीत, माझ्या चुकीची ती गोष्ट वाचायला आले. तो मजकूर एकाने दुसऱ्याला पाठवला, दुसऱ्याने दहाजणांना. वाचता वाचता त्यांना मी दिसलो. पडदे शिवणारे आले, पिशव्या शिवणारे आले. एक बूट करणारे कारागीर आले, ते कातडे कापायला मला वापरू लागले. पुठ्ठ्याची खोकी करणारी एक बाई आली. बिस्किटे करणारा एक बेकरीवालाही आला. लाटलेल्या पोळीतून जास्तीत जास्त बिस्किटे कशी कापायची हे तो माझ्याकडून शिकला. उरलेले पीठ पुन्हा मळून लाटता येते, हे त्याला कोणीतरी सांगायला हवे होते. पण तो खुशीत होता, मीही खुशीत होतो. कोणी माझी चूक दाखवायचे, कोणी दुरुस्तीच पाठवायचे. आत्या दर रविवारी विचारायची, "आज कोण आलं गं?" जणू दुकानात गिऱ्हाईक आले आहे.

अशी चार वर्षे गेली. मग भाचीची बदली झाली, ती दुसऱ्या गावी गेली आणि तिला जुळी झाली. जुळी म्हणजे काय ते ज्यांच्या घरी असतील त्यांना विचारा. तिला जेवायला एक हात मोकळा मिळत नव्हता, माझ्याकडे कुठून बघणार? निरोप येऊन पडू लागले. आधी ती म्हणाली, शनिवारी उत्तर देईन. मग म्हणाली, पुढच्या महिन्यात. मग निरोप इतके साचले की पेटी उघडायचीच तिला लाज वाटू लागली. आणि न उघडल्यामुळे ते आणखी साचले. मला तिचा राग आला नाही. पण एकटे वाटले, हे लपवत नाही.

बदलीनंतरच्या तिसऱ्या वर्षी, लोक मला ज्यावर उघडायचे ते फोन बदलले. नव्या फोनवर मी उघडेनासा झालो. लोक माझे नाव दाबायचे आणि समोर नुसता पांढरा पडदा यायचा. कोणीतरी माझ्या पानावर लिहिले, 'गेला वाटतं बिचारा.' मी आत होतो, सगळे ऐकत होतो, पण दार उघडायची किल्ली माझ्याकडे नव्हती.

एके दिवशी आत्याने नवा फोन घेतला आणि एका गिऱ्हाइकाला मला दाखवायला गेली. लगेच तिने भाचीला फोन केला. "अगं, तुझा बेत पांढरा पडलाय. दवाखान्यात नेल्यासारखा दिसतोय."

"माहितीये आत्या," भाची हळूच म्हणाली. "निरोपांची पेटी उघडायची हिंमत होत नाही. दोनशे चौदा आहेत. सगळे शिव्या देत असतील."

"मी फोनवर आहे. उघड आणि वाच. मीही ऐकते शिव्या."

एक मूल मांडीवर, एक पायाशी, अशी बसून भाचीने पेटी उघडली. दोनशे चौदांपैकी नऊ रागाचे निघाले. बाकीच्यांत प्रश्न होते, आभार होते, शिवलेल्या वस्तूंचे फोटो होते. एकाने तर फक्त 'तुम्ही बऱ्या आहात ना?' एवढेच विचारले होते. आणि तीन पत्रे एकाच व्यक्तीची होती. बूट करणाऱ्या त्या कारागिरांच्या सुनेची.

तिसरे पत्र भाचीने मोठ्याने वाचले. 'ताई, सासरे रोज विचारतात, बेत कधी उघडणार. कातड्यावर भोकं असतात, डाग असतात, ते चुकवून कापायचं त्यांना बेतामुळे सोपं जायचं. आता डोळेही थकलेत. मी प्रोग्राम लिहायचं काम करते, म्हणून तुमचा कोड उघडून बघितला. खरं सांगू का, गबाळा आहे. पण मला एका बैठकीत समजला, कारण जागोजागी तुम्ही आत्याला समजावून सांगितलंय. नव्या फोनवर चालेल अशी दुरुस्ती मी करून ठेवली आहे. कातड्याच्या डागांचंही केलंय. फक्त ती तुमच्या पानावर चढवायची किल्ली, म्हणजे पासवर्ड, तुमच्याकडे आहे. द्याल का?'

भाचीने मांडीवरचे मूल दुसऱ्या हातावर घेतले. मग म्हणाली, "माझा आहे गं तो, आत्या. दुसऱ्या कोणाच्या हातात कसा देऊ?"

"पोरांना पाळणाघरात ठेवतेस ना?"

"ठेवते."

"मग त्यांची आई बदलली का?"

भाची हसली, डोळे पुसले आणि त्याच दुपारी तिने सुनेला माझी दुसरी किल्ली दिली. सुनेने आधी तीन ठिकाणी माझी धूळ झटकली. मी सुरुवातीला म्हणालो की माझ्यावर धूळ बसत नाही, ते तितकेसे खरे नव्हते. दुसऱ्या दिवशी मी उघडलो. सासऱ्यांनी सुनेच्या हातून फोन ओढून घेतला आणि दिवसभर परत दिला नाही.

आता आम्ही तसे पुष्कळ जण आहोत. सून दुरुस्त्या करते, भाची मुले झोपली की निरोपांना उत्तरे देते, कपडेवाले काका नवशिक्यांना मखमल समजावतात. आत्या काहीच करत नाही म्हणते आणि सगळ्यांना कामे सांगते.

गेल्या महिन्यात एका रुग्णालयातून एक परिचारिका आली. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांसाठी तिथल्या सगळ्या परिचारिका मिळून टोप्या शिवतात. तिच्याकडे एक जुनी मऊ चादर होती आणि वॉर्डात अठ्ठावीस बाळे होती. मी खूप सरकवले, पण टोप्या सत्तावीसच बसल्या. तिने लिहिले, 'एक कमी पडते हो.' त्या एका टोपीसाठी चार घरांत धावपळ झाली. आत्याने टोपीचा कागदी तुकडा कापून टेबलावर फिरवला, म्हणाली, टोक टोकात अडकवा, दात दातात बसतात तसे. सुनेने ते मला शिकवले. पुन्हा मांडले तर एकोणतीस टोप्या बसल्या.

'एक जास्त झाली,' भाचीने कळवले. 'तेवढ्या भागातून दुसरं काही करता येईल.'

परिचारिकेने उत्तर दिले, 'नको, टोपीच करते. आमच्याकडे कोणी ना कोणी येतंच.'

मित्रांनो, तुम्ही काही केले असेल, चित्र असो, गाणे असो की माझ्यासारखा एखादा प्रोग्राम, तर ते पूर्ण होण्याची वाट पाहू नका. ते कधी पूर्ण होत नाही. लोकांसमोर ठेवा. चुकले तर चुकले म्हणा आणि दुरुस्त करा. सांभाळणे झेपेनासे झाले तर लाजेने दार लावून घेऊ नका, किल्ली कोणाला तरी द्या. आणि दुसऱ्याने केलेले वापरत असाल तर त्याला दोन ओळी लिहा. तो कुठेतरी एका हाताने जेवत असतो आणि आपल्याला सगळे विसरले असे समजत असतो.

मी इथेच आहे. कापड कमी पडेल असे वाटले तर कात्री लावण्याआधी एकदा मला दाखवा.